घरपोच मोटार दुरुस्तीची रोख मजुरी कशी ठरवावी: इंदुरातील नवोदित मेकॅनिकांसाठी

इंदुरात आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून, किंवा एखाद्या गॅरेजात चार-पाच वर्षे उमेदवारी करून हात बसलेले बरेच तरुण संध्याकाळी आणि रविवारी रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर या भागांत ओळखीच्यांच्या गाड्या घरी जाऊन दुरुस्त करून देतात. काम त्यांना येते, पण गाडी सुरू झाल्यावर मालकाने "किती झाले?" असे विचारले की उत्तर सापडत नाही, आणि "द्या तुम्हाला योग्य वाटेल ते" असे म्हणून ते मोकळे होतात. त्या क्षणी आपल्या मजुरीचा निर्णय आपण ज्याला कामातले काही कळत नाही अशा माणसावर सोपवतो. मालक कमी देतो तेव्हा आपण मनातून नाराज होतो, आणि जास्त देतो तेव्हा तो पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतो. मी आधी पगारी नोकरी सांभाळून आणि नंतर पूर्ण वेळ हेच काम केले आहे. रोख मजुरीचा दर पहिला नट सैल करण्यापूर्वी ठरलेला आणि दोघांनाही माहीत असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. तो कसा काढायचा, कसा सांगायचा आणि कसा वसूल करायचा, हे पुढे क्रमाने दिले आहे.

१. कोणते काम घ्यायचे नाही, ते आधी ठरवा

दराचा विचार करण्यापूर्वी कामाची हद्द आखावी लागते, कारण जे काम आपल्याला सुरक्षितपणे करता येत नाही त्याचा कोणताही दर वाजवी ठरत नाही. सीएनजी किटला आणि टाकीला हात लावू नका. टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी) आणि किटची दुरुस्ती मान्यताप्राप्त केंद्रातच व्हायला हवी. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांतील नारिंगी रंगाच्या तारा उच्च दाबाच्या असतात, त्यांचे खास प्रशिक्षण घेतले नसेल तर त्या गाडीचे टायर आणि ब्रेक यांपलीकडे जाऊ नका. एअरबॅगचे काम आणि एसीतील गॅस काढण्या-भरण्याचे काम यंत्रसामग्री असलेल्या ठिकाणी पाठवा. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल, तर आपण ती उघडल्यामुळे वॉरंटीचा दावा अडचणीत येऊ शकतो हे मालकाला स्पष्ट सांगा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक मानक पाळणाऱ्या) गाड्यांत, विशेषतः डिझेलच्या, धुराच्या यंत्रणेत सेन्सर बरेच असतात. गाडीतील दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर नसेल तर त्यांच्या तक्रारी अंदाजाने हाताळू नका.

ब्रेकविषयी थोडे अधिक सांगायला हवे. आपल्याकडील अनेक कुटुंबे मे महिन्यात आणि गणपतीत गाडी घेऊन आग्रा-मुंबई रस्त्याने धुळे-नाशिककडे निघतात, आणि त्या वाटेवर मानपूरचा आणि बिजासनचा घाट लागतो. निघण्याच्या आदल्या रात्री "जरा ब्रेक बघून दे" असे सांगणारे हमखास भेटतात. रात्री नऊ वाजता, अपुऱ्या उजेडात, घाईने ब्रेकचे काम घेऊ नका. दुप्पट मजुरी मिळाली तरी घेऊ नका. गाडी किमान दोन दिवस आधी दाखवायला सांगा.

२. तासाचा दर काढा

नवीन मुले दर काढताना महिन्याला हव्या असलेल्या रकमेला २६ दिवसांनी आणि मग ८ तासांनी भागतात, आणि इथेच चुकतात. महिन्याचे २०८ तास आपण कामावर असतो हे खरे, पण त्या सगळ्या तासांचे पैसे कोणी देत नाही. जाणे-येणे, छोटी ग्वालटोलीतून सामान आणणे, मालक ऑफिसातून येईपर्यंत थांबणे, गाडी पाहून अंदाज सांगितल्यावर "कळवतो" असे ऐकून परत येणे, हत्यारे धुणे, आणि केलेल्या कामाची तक्रार आली तर पुन्हा जाणे, हा वेळही दरातच बसवावा लागतो. पूर्ण वेळ काम करणाऱ्याने दिवसाचे पाचच तास मजुरीचे धरावेत, आणि सुरुवातीच्या वर्षात त्याहूनही थोडे कमी.

पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. तुम्ही आपले आकडे घाला.

घरखर्चासाठी महिन्याला हवेत २४,००० रुपये. हत्यारांची झीज आणि नवी हत्यारे १,५००. पेट्रोल आणि फोन २,०००. ग्रीस, क्लीनर, चिंध्या, हातमोजे, साबण ८००. विमा आणि औषधपाणी ५००. फुकट करून द्याव्या लागणाऱ्या फेरदुरुस्तीसाठी बाजूला १,२००. एकूण ३०,००० रुपये. मजुरीचे तास १२० धरले (२६ दिवसांचे पाच-पाच म्हणजे १३०, सुरुवातीला त्याहून थोडे कमी), तर तासाचा दर २५० रुपये येतो. हीच रक्कम २०८ ने भागली असती, तर १४४ रुपये आला असता, आणि खर्च न धरता नुसते २४,००० भागले असते, तर अवघा ११५ रुपये. वर्षभर ११५ रुपयांनी काम करणाऱ्याला आपण इतके राबूनही हाती काही उरत का नाही, हे कळतच नाही, कारण त्याची हत्यारे आणि पेट्रोल त्याच्या घरखर्चातून चाललेले असते.

नोकरी सांभाळून संध्याकाळी काम करणाऱ्यांचा हिशेब थोडा वेगळा आहे. "पगार तर मिळतोच आहे, वरचे मिळेल ते खरे" असे म्हणून ते फार कमी दर लावतात. मला हे योग्य वाटत नाही. कारखान्यातील कामगाराला कायद्याने जादा तासांचा दुप्पट दर मिळतो, कारण थकल्यानंतर केलेले काम अधिक महाग असते. तोच न्याय स्वतःला लावा. पगार १८,००० असेल, तर २०८ तासांच्या हिशेबाने तासाला सुमारे ८७ रुपये पडतात, दुप्पट १७३. महिन्याला बाहेरचे ४० तास काम होत असेल आणि त्यावर २,४०० रुपये खर्च येत असेल, तर तासाला ६० रुपये आणखी. म्हणजे २३३ रुपये. पूर्ण वेळ करणाऱ्याच्या दराजवळच तो येऊन पोचतो, आणि तसाच तो यायला हवा. शिवाय ज्याचे घर फक्त याच कामावर चालते अशा शेजारच्या मेकॅनिकचा दर आपण पाडू नये, ही जबाबदारी पगारदार माणसावर अधिक आहे.

आलेला आकडा दोन टोकांशी ताडून पाहा. खालचे टोक म्हणजे कुशल कामगाराचे किमान वेतन. मध्य प्रदेशात त्यातील महागाई भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो, आणि राज्याच्या श्रम आयुक्तांचे कार्यालय इंदुरातच असल्याने चालू दर मिळवणे अवघड नाही. मासिक दराला २०८ ने भागून आलेल्या रकमेच्या खाली तुमचा दर कधीही जाऊ नये. वरचे टोक म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरची मजुरी. ओळखीच्यांकडून अशी दोन-तीन बिले मागून घ्या आणि त्यांतील मजुरीचा रकाना वाचा. त्यांच्याकडे लिफ्ट आहे, लेखी हमी आहे, जागा आहे; आपल्याकडे यांतील काही नाही, म्हणून आपला दर त्यांच्या खाली राहिला पाहिजे.

३. दर तासाचा काढा, पण सांगा कामाचा

तासाचा दर ही आपल्या वहीतली गोष्ट आहे. मालकाला मात्र शक्य तिथे कामाचा ठोक आकडा सांगा. तासावर पैसे घेतले, तर सफाईने काम करणाऱ्याला कमी आणि रेंगाळणाऱ्याला जास्त मिळतात; आणि मालक घड्याळाकडे बघत शेजारी उभा राहिला की काम नीट होत नाही. गाड्यांच्या कंपन्याही प्रत्येक कामाचे प्रमाणित तास ठरवून त्यावरच मजुरी आकारतात.

त्यासाठी वहीत आपले स्वतःचे तास लिहून ठेवा. पुढचे ब्रेक पॅड बदलणे, स्लाइड पिन साफ करून ग्रीस लावण्यासकट, जमिनीवर जॅक लावून मला सव्वा तास लागतो. २५० च्या दराने ते काम सुमारे ३०० रुपयांचे होते. इंजिन ऑइल आणि फिल्टर पाऊण तासाचे काम. छोट्या गाडीची क्लच प्लेट लिफ्टशिवाय पाच तासांच्या आत होत नाही, आणि गिअरबॉक्स उतरवायला दुसरा माणूस लागतोच. तेव्हा १,२५० रुपये आपले आणि मदतनिसाचे पाच तास वेगळे धरा. अनुभव कमी असताना असे काम घरच्या अंगणात घेऊ नये, कोणाच्या तरी गॅरेजात लिफ्टचे भाडे देऊन करावे, आणि ते भाडे अंदाजात उघडपणे दाखवावे.

दोष शोधण्याचे काम मात्र तासावरच घ्या, कारण ते किती लांबेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही. "किमान अर्धा तास, जास्तीत जास्त दोन तास, त्यापुढे विचारल्याशिवाय जाणार नाही" असे सांगावे. स्कॅनर लावला की दोष कळलाच, असा मालकाचा समज असतो. तो नम्रपणे दूर करा: पी ०३०० हा कोड इंजिन मिस होत असल्याचे सांगतो, पण कारण स्पार्क प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा इंधनाचा दाब यांपैकी कोणतेही असू शकते. ते शोधणे हेच कौशल्य आहे आणि त्याचे पैसे मागण्यात संकोच नसावा.

गाडी पाहायला येण्याचा आकार (व्हिजिट चार्ज) असावा, परंतु पुढे काम केले तर तो मजुरीत वळता करावा. आपल्या दरात जाण्या-येण्याचा वेळ धरलेलाच आहे. तोच पुन्हा लावणे म्हणजे एका गोष्टीचे दोनदा पैसे घेणे.

४. दर सांगताना

आपल्या लोकांत काम करताना सर्वांत जड जाते ती हीच पायरी. समोर वडिलांचे मित्र असतात, काकूंनी आधी चहा-पोहे पुढे केलेले असतात, आणि अशा वेळी आकडा उच्चारणे असभ्यपणाचे वाटते. म्हणून आकडा चहाच्या आधी, शक्यतो फोनवरच सांगावा. साधे शब्द पुरतात: "काका, पुढचे ब्रेक पॅड बदलण्याची मजुरी ३०० रुपये. पॅड तुम्ही आणलेत तरी चालेल, मी आणले तर बिल तुमच्या नावाचे आणीन. डिस्क खराब निघाली तर आधी तुम्हाला दाखवीन, मग पुढचे ठरवू."

यावर "अरे, तू तर घरचाच" असे उत्तर येते. सूट द्यायची असेल तर द्या, पण ती सूट म्हणून दिसली पाहिजे. पावतीवर मजुरी ३००, सूट ५०, घेतले २५० असेच लिहा. नुसते २५० लिहिले की तोच तुमचा दर होतो, आणि काका तो कॉलनीत सर्वांना सांगतात, अगदी चांगल्या हेतूने. जवळच्या नात्यात पैसे घ्यायचेच नसतील तर मजुरी पूर्ण सोडा, परंतु सामानाचे पैसे कधीही सोडू नका.

माणूस बघून दर बदलू नका. मोठी गाडी आणि नवा बंगला दिसला म्हणून जास्त, आणि बाई एकटी आहे, तिला काही कळत नाही म्हणून आणखी जास्त, हा प्रकार मी जवळून पाहिला आहे आणि त्याची मला चीड आहे. मोठ्या गाडीचे काम खरोखर जास्त वेळाचे असेल तर तासांमुळे मजुरी आपोआप वाढते. रात्री, भर पावसात किंवा रंगपंचमीच्या दिवशी बोलावले तर दीडपट घेणे रास्त आहे, मात्र ते सगळ्यांना सारखेच, आणि निघण्यापूर्वी सांगून.

५. सामानाचे पैसे मजुरीत मिसळू नका

काही मेकॅनिक मजुरी फार कमी सांगतात आणि कमी पडलेले पैसे सामानातून काढतात. दुकानदार मेकॅनिकला सूट देतात हे सर्वांना माहीत आहे. पण जो माणूस सामानावर पोट भरतो त्याला नको असलेले सामान बदलण्याचा मोह होतोच. दर पुरेसा ठेवा आणि सामान बिलाच्या किमतीत द्या. तुम्हाला दुकानदाराकडून मिळणारी सूट स्वतःकडे ठेवायची असेल, तर तसे आधी उघड बोला आणि छापील कमाल किमतीच्या वर जाऊ नका.

व्हेरियंट बदलला की पार्ट बदलतो, म्हणून चॅसिस नंबर पाहूनच पार्ट नंबर काढा. ओरिजिनल, दुसऱ्या कंपनीचा चांगला आणि लोकल, असे तीन भाव सांगा, निवड मालकाची. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेंशनमध्ये मात्र लोकल पार्ट बसवायला नकार द्या. मालकाने स्वतः आणलेला पार्ट खराब निघाला, तर पुन्हा बसवण्याची मजुरी पुन्हा लागेल, हेही आधीच सांगायचे. काढलेले जुने पार्ट डब्यात घालून मालकाच्या हातात द्या.

६. लागणारे कागद आणि हत्यारे

रोख काम म्हणजे बिनकागदाचे काम, ही समजूत सर्वांत घातक आहे. कार्बन लावून दोन प्रती निघतील असे साधे पावतीपुस्तक घ्या आणि काम सुरू करण्यापूर्वी त्यावर पुढील गोष्टी लिहून मालकाची सही घ्या:

- गाडीचा नंबर, मॉडेल, किलोमीटरचे रीडिंग, इंधनाची पातळी
- तक्रार, मालकाच्या स्वतःच्या शब्दांत
- आधीपासून असलेले ओरखडे आणि डेंट (मोबाइलवर चारही बाजूंचे फोटोही काढावेत)
- ठरलेली मजुरी आणि सामानाचा अंदाज
- मिळालेली आगाऊ रक्कम
- किती वाढ झाल्यास पुन्हा विचारायचे. मी १० टक्के लिहितो
- मजुरीची हमी. माझ्याकडे १५ दिवस किंवा १,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते

गाडीची आरसी आणि विमा दोन्ही पाहा. चाचणीसाठी गाडी रस्त्यावर नेणार असाल तर तुमच्याजवळ चारचाकीचा परवाना हवा, आणि विमा संपलेली गाडी अंगणाबाहेर काढू नका. चाचणीच्या वेळी मालकाला शेजारी बसवा. पुढचे निम्मे वाद तिथेच टळतात.

हत्यारांत जॅकसोबत दोन मजबूत घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) सर्वांत आधी घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणत्याही परिस्थितीत शिरू नका. टॉर्क पाना, मल्टिमीटर, साधा ओबीडी स्कॅनर, चांगला हेडलॅम्प आणि ऑइल धरण्यासाठी परात ही पुढची खरेदी. काढलेले इंजिन ऑइल घातक कचऱ्यात मोडते. ते नालीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका, कॅनमध्ये साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल अशा गॅरेजात द्या. कॉलनीतील रस्त्यावर सांडलेले ऑइल तुम्हीच पुसायचे आहे, आणि त्याची दहा मिनिटे कामाच्या वेळात धरायची आहेत.

७. पैसे घेणे

सामानाचे पैसे आधी आणि मजुरी किल्ली देताना, हा क्रम मोडू नका. रोख मिळाले तरी पावती द्या. यूपीआयने आले तर पावतीवर तसे लिहा. "पुढच्या महिन्यात एकदम देतो" असे म्हणणाऱ्याला पहिल्या कामाला उधारी देऊ नका.

गाडी तुमच्या जागेत, तुमच्या ताब्यात असेल तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार, त्या गाडीवर केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ती ठेवून घेण्याचा अधिकार आहे, अर्थात करारात वेगळे ठरले नसेल तर. मात्र तो त्याच कामापुरता आहे. मागच्या वर्षीच्या उधारीसाठी आजची गाडी अडवून धरता येत नाही. मालकाच्या अंगणात केलेल्या कामाला तर याचा उपयोगच नाही, कारण गाडी तुमच्या ताब्यात नसते. घरपोच काम करणाऱ्याने म्हणूनच आगाऊ रकमेबाबत अधिक काटेकोर राहावे.

हेही लक्षात ठेवा की मोबदला घेऊन दिलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते. पैसे रोख घेतले म्हणून जबाबदारी कमी होत नाही.

८. कर, नोंदणी आणि विमा

रोख मजुरी घेणे बेकायदा नाही. ती उत्पन्नात न दाखवणे बेकायदा आहे. वहीतली रोजची जमा महिनाअखेरीस बेरीज करून ठेवा. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर भरावा लागत नाही, पण एकूण उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले तर विवरणपत्र भरावेच लागते. पगार आणि बाहेरचे काम दोन्ही असेल तर दोन्हींची बेरीज धरायची.

सेवा देणाऱ्याला वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. सामानही तुम्हीच तुमच्या बिलावर विकत असाल तर तेही उलाढालीत मोजले जाते. सामानाचे बिल दुकानदाराने थेट मालकाच्या नावे करावे, यामागे हेही एक कारण आहे. नोंदणी नसताना पावतीवर १८ टक्के जीएसटी लावून पैसे घेणे हा गुन्हा आहे, कोणाच्या सांगण्यावरून तसे करू नका.

उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आधार आणि पॅनवर सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. तिचे पैसे मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांपासून दूर राहा. पुढे हत्यारांसाठी बँकेकडून कर्ज घ्यायचे झाले तर ही नोंदणी आणि नीट ठेवलेली वही या दोन्हींचा उपयोग होतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचे संरक्षण मिळते. गाडीखाली काम करणाऱ्याने ती घेतलीच पाहिजे, आणि हप्ता मे अखेरीस खात्यातून जातो म्हणून तेव्हा खात्यात पैसे ठेवले पाहिजेत.

नोकरी चालू असेल तर नियुक्तिपत्रातील बाहेर काम करण्याविषयीची अट वाचा. वर्कशॉपचे ग्राहक, हत्यारे आणि ऑइल बाहेरच्या कामाला वापरायचे नाहीत, हे तर सांगायलाही नको.

९. दर कधी आणि कसा वाढवायचा

वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये, दुसऱ्या पायरीतील हिशेब पुन्हा मांडा. वहीतून मागील वर्षाचे खरे मजुरीचे तास काढा. ते १२० च्या ऐवजी ९० भरले असतील तर दर वाढवण्यापूर्वी फेऱ्या कमी होतील का ते पाहा, उदाहरणार्थ एका कॉलनीची कामे एकाच दिवशी घेऊन. फेरदुरुस्तीला बाजूला ठेवलेली रक्कम दर महिन्याला पूर्ण संपत असेल, तर तेव्हा दर वाढवू नका. कोणते काम पुन्हा पुन्हा परत येते ते शोधा आणि ते नीट शिकून घेईपर्यंत बंद ठेवा. वाढ ठरली की नियमित ग्राहकांना एक महिना आधी निरोप पाठवा, जुन्या दराने कबूल केलेले काम जुन्याच दराने पूर्ण करा, आणि नवा दर ज्या तारखेपासून लागू होईल ती तारीख पावतीपुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.